पावआट्यांची झांज

कारखान्यात त्या फिटरला सगळे ‘पावआटे’ म्हणत. नट पुरता आवळून झाला, की वर पाव आटा द्यायचाच, ही त्यांची शिस्त. चौतीस वर्षांत त्यांनी बसवलेला नट सुटला नाही.

निवृत्तीनंतर ते लेकीच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये ड्रमवर बसले. तरुणपणी कारखान्याच्या बँडमध्ये वाजवलेलं होतं, हात बसलेला होता. पण दोन महिन्यांत त्यांच्या क्रॅशला, म्हणजे ऐन भरात एकच तडाखा देऊन सोडून द्यायच्या झांजेला, तडा गेला. तेव्हापासून दर तडाख्याला लेक गाता गाता मागे वळून बघायची. काल तिने सांगूनच टाकलं.

“बाबा, उद्याच्या तालमीला झांज धड वाजली नाही, तर ठेक्याचं मशीन लावणार आहेत. सगळ्यांचं ठरलंय.”

“आणि मी?”

ती नुसती वायर गुंडाळत राहिली.

तालीम सहाला. पाच वाजता पावआटे वाद्यांच्या दुकानात उभे होते, काखेत फुटकी झांज. त्यांच्या खिशाला झेपतील अशा तीनच झांजा होत्या. पहिली नवी, चकचकीत, पितळेची. नखाने वाजवली तर ताटासारखी बद्द बोलली. उरलेल्या दोन्ही काशाच्या, वापरलेल्या. एक जाड, एक पातळ आणि डागाळलेली.

त्यांनी जाड उचलली. “ही द्या. दणकट आहे.”

“काका, तिचा आवाज खुलायला उशीर लागतो. फार जोरात मारावी लागेल,” दुकानदारीण म्हणाली. “जुनी दाखवा बरं.”

तिने फुटकी झांज उजेडात धरली. स्टँडची दांडी जाते ते मधलं भोक लांबट झालं होतं. “झांजेवरचा नट किती आवळता?”

“किती म्हणजे? पुरता. वर पाव आटा.”

“मग जाड न्या नाहीतर सोन्याची न्या, दोन महिन्यांत याच दारात याल. झांजेला डुलायला जागा लागते. तुम्ही तिचा गळा आवळलात, काका!”

पावआट्यांचे कान तापले. चूक त्यांच्या हाताची, आणि तीही नटाची. घड्याळात साडेपाच. वापरलेला माल परत घेत नाहीत, अशी पाटी समोरच होती.

तिने पातळ झांज स्टँडवर अडकवली, खालीवर नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या मऊ चकत्या घातल्या आणि नट नुसता टेकवला. “मारा. तिरका हात. मारलं की काठी उचला.”

त्यांनी मारलं. झांज फुलली, डुलली, शांत झाली. त्यांनी पैसे दिले आणि झपाझप निघाले.

सहाला तालमीच्या खोलीत मशीन टेबलावर मांडलेलंच होतं. पावआट्यांनी झांज चढवली. नट टेकला, आणि बोटं सवयीने पुढे फिरायला लागली. त्यांनी हात मागे ओढला. नट ढिलाच ठेवून ते बसले.

गाणं चढत गेलं. तडाख्याची जागा आली. त्यांनी तिरका हात मारला.

झांज डुलत राहिली. लेकीने मागे वळून पाहिलं नाही. पुढची ओळ उचलली.

पावआट्यांची नजर मात्र शेवटपर्यंत त्या नटावरच होती.