बर्फातला बांध

समजणाऱ्या भाषेतला पिक्चर बघणं म्हणजे वेळेची शुद्ध नासाडी, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच आहे आणि ते माझे सख्खे मामा आहेत. टीव्हीवर हिंदी पिक्चर लागला की ते उठून अंगणात जातात. मराठी लागला तर चपला घालून थेट बाजारात. "सगळं कळतंय, मग त्यात बघायचं काय?" हा त्यांचा सवाल. त्यांना पिक्चर लागतो तो कोरियाचा, इराणचा, पोलंडचा, नाहीतर जिथे माणसं भरदुपारी दिवे लावून बसतात अशा कुठल्यातरी बर्फाळ मुलखातला. खाली इंग्रजी अक्षरं धावली पाहिजेत आणि शेजारच्या खुर्चीत मामी बसलेली पाहिजे. मामीला इंग्रजी येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. मामा नुसता पिक्चर बघत नाहीत, ते तो मामीला सांगतात.

ही सवय त्यांना चर्चमध्ये लागली. रांजणगावच्या एका कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे आणि रविवारच्या उपासनेला कधी परदेशी पाहुणा आला, की त्याचं भाषण वाक्यावाक्याला मराठीत सांगायला त्याच्या शेजारी उभे राहायचे. एकदा एका पाहुण्याने लोक उशिरा आले म्हणून सगळ्या मंडळीला चांगलंच फैलावर घेतलं. मामांनी शांतपणे सांगितलं, "साहेब म्हणतात, कामधंदा टाकून लांबलांबून आलात, फार बरं वाटलं." मंडळी प्रसन्न हसली. पाहुणा आधी गोंधळला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि उपासना गोडीगुलाबीने पार पडली. पाळकसाहेबांनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "पाव्हणा उद्या इमानात बसून जाणार. हितं एकमेकांची तोंडं बघत ऱ्हायचंय ते आपल्याला."

हेच धोरण त्यांनी निवृत्तीनंतर जागतिक सिनेमाला लावलं. मामीची पहिली अट अशी, की पडद्यावर आलेला माणूस कोणाचा कोण लागतो ते आधी कळलं पाहिजे. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांतच मामा सगळ्यांची नाती लावून टाकतात. एका जपानी पिक्चरमध्ये एक दुकानदार, एक गिऱ्हाईक आणि एक पोलीस असे एकमेकांना न ओळखणारे तिघे होते. मामांनी त्यांचे आप्पा, आप्पांचा जावई आणि जावयाचा चुलता केले. पुढे पोलिसाने दुकानदाराला दरडावलं तेव्हा मामी संतापली. "व्याह्याला असं बोलत्यात व्हय?" फ्रेंच पिक्चरमधली बाई सिगारेट ओढत बराच वेळ बोलत राहिली, की मामा सांगणार, "उशीर का झाला म्हणतीय." मामी म्हणणार, "एवढ्यासाठी एवढं?" "फ्रेंच हाय ती," मामा समजूत घालणार. उलट कोरियन म्हातारा नुसता हुंकारला, तरी मामा त्याच्या तोंडी लेकरांच्या शिक्षणावर लांबलचक भाषण घालतात. चुंबनाचा प्रसंग आला की ते पिक्चर थांबवून पाणी प्यायला उठतात आणि जाताजाता म्हणतात, "त्यांच्यात चालतं." मामी विचारते, "त्यांच्यात चालतं, तर तुमी का उठता?"

आणि मामांच्या पिक्चरमध्ये कोणी मरत नाही. गोळी लागलेला माणूस बेशुद्ध असतो. फारच झालं तर त्याला पुण्याला हलवतात. एकदा रशियन पिक्चरमध्ये चार माणसांनी खांद्यावरून पेटी आणली, बाया रडू लागल्या, तरी मामा डगमगले नाहीत. "सामान हाय. पोरगी सासरी चाललीय," म्हणाले. मामीने पदर डोळ्यांना लावला आणि दोघांनी ती मयत पाठवणी म्हणून पाहिली.

मी शिरूरलाच राहतो. कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला जातो आणि तिसरा प्रेक्षक म्हणून मागे बसतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की मामांनी पडद्यावरची अक्षरं वाढवून वाढवून एवढी मोठी केली आहेत, की नटांची फक्त कपाळं दिसतात. पुढे खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ गेली, की मामीला पिक्चरऐवजी मामांची पाठ दिसू लागली. एक दिवस पडद्यावर एक तरुण डॉक्टरचे पाय धरून रडत होता. खाली लिहिलं होतं, माझी आई वाचेल ना. मामा म्हणाले, "इचारतोय, बांध कोरला तो कुणी?" मला वाटलं, मस्करी चालली आहे. पण पुढच्या वाक्यालाही बांध, त्याच्या पुढच्याला मोजणी, आणि डॉक्टर तर शेवटी तलाठीच निघाला.

मी त्यांना अंगणात गाठलं. ते आधी टीव्हीच्या कंपनीवर घसरले, मग अक्षरं लिहिणाऱ्यावर. मग लिंबाच्या झाडाला टेकले. "अक्षरं धुक्यात गेलीत रे," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाय म्हंत्यात. पिकलाय."

"मग ऑपरेशन करू. आजकाल घटकाभराचं काम आहे."

"कवठ्याच्या आबांचं बी घटकाभराचंच व्हतं. आता सून आली का शेजारीण, हे बांगड्यांवरनं वळखत्यात." त्यांनी घराकडे पाहिलं. "मला दिसलं न्हाई तर न्हाई. पर मग तुझ्या मामीला पिक्चर कोण सांगणार? आमचं दोघांचं दुसरं काय हाय रे दिवसभरात? तिला बोलू नगंस."

जन्मभर दुसऱ्यांचे शब्द गोड करून सांगणाऱ्या माणसाला स्वतःची भीती गोड करता येत नव्हती. मला त्यांचा फार कळवळा आला. मी गप्प बसायचं कबूल केलं आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो. मामी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "डोळ्याचं बोलले का तुला?"

मी दचकलोच. तिला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, "नाताळापास्नं परत्येक पिक्चरमदी भाऊबंदकीच हाय. कोणत्या बी देशाचा लावा, बांधावरनंच भांडणं. परवा तर चहूकडं नुसता बर्फ व्हता. बर्फात बांध कुठला रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"एवढं रचून सांगत्यात, त्यांचा हिरमोड कशाला करायचा? पर आता बास झालं. आपली लेक हाय दौंडला, तिथला डाक्टर चांगला हाय. तू गाडी काढ."

मामांनी आठवडाभर सबबी सांगितल्या. उन्हाळा संपू दे, थंडी पडू दे, चर्चच्या अधिवेशनाला पाहुणा येणार आहे. मामीने एकालाही दाद दिली नाही. शेवटी ती म्हणाली, "न्हाई तर मी हिंदी मालिका लावते," आणि मामा मुकाट्याने गाडीत बसले.

दौंडला ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरने काही दिवस टीव्ही पूर्ण बंद सांगितला आणि डोळ्यांवर काळा मोठा चष्मा चढवला. तीच खरी शिक्षा होती. मी त्यांना भेटायला मामेबहिणीच्या घरी गेलो, तेव्हा दुपार होती. मामा टीव्हीकडे पाठ करून पलंगावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी मामी टीव्हीकडे तोंड करून. टीव्हीवर कुठलातरी उत्तर युरोपातला पिक्चर चालला होता. समुद्राकाठचं घर, त्यात एक म्हातारा आणि एक म्हातारी. मामीला ना ती बोली कळत होती ना खालची अक्षरं, पण ती अगदी सराईतपणे सांगत होती.

"म्हातारा होडी रंगवतोय. म्हातारी म्हंती, शर्ट खराब कराल."

"असं लिवलंय?" मामांनी विचारलं.

"तिच्या तोंडावरच हाय की." मग ती पडद्याकडे वाकली. "म्हातारा पडला हो."

"बेशुद्ध हाय?"

"न्हाई. गेला," मामी म्हणाली. "तुमचे बी सगळे गेलेच व्हते. मला दिसायचं."

मामांनी तोंड तिच्याकडे वळवलं. काळ्या चष्म्यामुळे चेहऱ्याचा काही अंदाज येत नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं, "आन् मग आता ती?"

पडद्यावर म्हातारी एकटीच टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. समोरची खुर्ची रिकामी होती.

"भईन आलीय तिची," मामी म्हणाली. "दोघी जेवायला बसल्यात."

"पोरं?"

"येत्यात की. मोटार दिसतीय लांबनं."

मी मामीकडे पाहिलं. तिची नजर पडद्यावरून हलली नाही, नुसता हात मामांच्या गुडघ्यावर गेला. पिक्चर संपेपर्यंत त्या रिकाम्या घरात ती एकेक माणूस आणून बसवत राहिली.