नारळासाठी दहा मिनिटं

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि लिहिणं हे मोठ्या माणसांचं काम असं मला अजूनही वाटतं. त्यातून मी डॉक्टरही नाही. पण जे पाहिलं ते सांगायला दुसरं कोणी पुढे येईना.

आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायचो. मी बी.एस्सी.ला असताना बाबांच्या कारखान्यात गॅस गळला आणि त्यांना उल्हासनगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तिथे नुकताच अतिदक्षता विभाग उघडला होता. चार खाटा, श्वास देणारं एकच यंत्र, आणि विभाग सांभाळायला लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर. सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणत.

विश्वस्तांच्या लेखी हा विभाग म्हणजे नवं शोरूम. काचेचा दरवाजा, बाहेर चपला काढायची सक्ती, भिंतभर देणगीदारांची नावं. पाहुणे आले की अध्यक्ष त्यांना काचेपाशी आणायचे. "पूरा इम्पोर्टेड आहे," म्हणायचे. मध्ये त्या यंत्राला जोडलेले माझे बाबा पडलेले असायचे, ते बहुधा देशी म्हणून कोणाला दिसत नसत.

कर्नलसाहेब आईला म्हणाले होते, "ताई, आम्ही हेच डोंगरात तंबूत केलंय. सगळ्यात वाईट जखमी एका रांगेत ठेवायचे, आणि दोघांमागे एक माणूस, जो नजर हलवणार नाही. यंत्र नंतर आलं." दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि श्वास कागदावर उतरला नाही, तर नर्सची खैर नसे.

आमच्या भागात खंडेनवमीला यंत्रं थांबतात. लेथ असो की शिलाई मशीन, पुसून, हार घालून पूजा होते. त्या सकाळी अध्यक्ष भटजी, फोटोग्राफर आणि तीन विश्वस्तांना घेऊन आत आले.

"साहब, दस मिनट बंद करा. आज सगळीकडे बंद असतं."

"शेठ, त्याला माणूस जोडलेला आहे."

"ती हातानं दाबायची पिशवी आहे ना? नर्स दाबेल."

"ती अडचणीसाठी आहे, नारळासाठी नाही. असं करा, दहा मिनिटं तुम्ही श्वास बंद ठेवा. जमलं, तर मी यंत्र बंद करतो."

भटजी हसले. फोटोग्राफरही हसला. अध्यक्षांना नकार पचला असता, हे हसणं पचलं नाही.

आई हळूच म्हणाली, "आमच्यात पूजा नसते हो."

"तुमच्यात नसेल बाई, मशीनमध्ये असते," एक विश्वस्त म्हणाले. इतकं निर्बुद्ध वाक्य इतक्या ऐटीत बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शेवटी बाहेरच्या रिकाम्या ऑक्सिजन सिलेंडरला हार घालून त्याच्याशेजारी फोटो काढले गेले.

पाचव्या दिवशी बाबांची नळी निघाली. पुढच्या आठवड्यात ट्रस्टची चौकशी समिती बसली, कर्नलसाहेबांनी अध्यक्षांचा अपमान केला म्हणून. साहेब एवढंच म्हणाले, "रोग्याचा मुलगा तिथे होता. शिकतोय. त्याला विचारा."

मला खुर्ची दिली, चहा दिला. आजवर तसल्या ऑफिसात मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. प्रश्न कागदावर होता: दहा मिनिटं यंत्र थांबवलं असतं, तर जिवाला धोका होता का?

मला उत्तर माहीत होतं. नळी साफ करताना क्षणभर यंत्र सुटलं की बाबांचे ओठ निळे पडत, ते मी रोज पाहत होतो. पण ज्याचा अभ्यास नाही त्यावर ठामपणे बोलू नये, असं मी कॉलेजात शिकलो होतो. सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मला वैद्यकीय ज्ञान नाही, त्यामुळे निश्चित सांगता येणार नाही." वर त्या वाक्याचा मला अभिमान वाटला. त्याच कागदाच्या जोरावर त्यांनी साहेबांना काढलं.

विश्वस्तांना हसणं सोपं आहे. त्यांना निदान एक फोटो हवा होता. मला काय हवं होतं? खुर्ची?

बाबा बरे झाल्यावर सारखे विचारायचे, "साहेबांना भेटून आलास का?" मी म्हणायचो, पत्ता लागत नाही. मी शोधलाच नव्हता.

पुढे नोकरीला लागलो. तिथे चामटोलीचा एकजण होता, आधी बदलापूरच्या एका कारखान्यात काम केलेला. डबा खाताना कर्नलसाहेबांचा विषय निघाला, तसा तो म्हणाला, "तो मिलिटरीवाला म्हातारा? आमच्या कंपनीच्या दवाखान्यात होता की! सर्दीच्या गोळ्या द्यायचा, सिक लीव्हवर सह्या करायचा. गेल्या साली छातीत कळ आली त्याच्या. जीपमध्ये घातला. ड्रायव्हर बोलला, उल्हासनगरला आयसीयू आहे, तिकडे घेतो. तर म्हातारा बोलला, तिकडे नको. मग त्याच्याही पुढे, कल्याणला न्यायला निघाले. पोचलाच नाही."