माझ्या मापाची रायफल

रायफलची हौस ह्यांची होती, माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बेसमेंटमधल्या कुलूपबंद कपाटात आज जी रायफल आहे ती माझ्या मापाची आहे, आणि नेमबाजीच्या क्लबातले लोकही ती माझीच समजतात.

ह्यांनी नागपूरला शाळेत असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली होती. एका कॅम्पात ह्यांचा नेम इतका छान लागला की हवालदारसाहेबांनी ते टार्गेट सगळ्या पोरांना फिरवून दाखवलं. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. मग इंजिनिअरिंग, नोकरी, कॅनडात कॅल्गरीला येणं, पाइपलाइनच्या कंपनीतली वर्षं, मुलीचं शिक्षण, मॉर्गेज. ह्या सगळ्यात ती हौस कुठेतरी खाली दबून राहिली. रिटायर झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "मी बंदुकीचा कोर्स करणार आहे. तूही चल."

"मी कशाला?"

"अगं, एकटा काय जाऊ? सगळे शिकारी असतील तिथे. आपल्यातलं कोणी नसेल."

म्हणून मी गेले. इथे लायसन्ससाठी आधी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. दोघंही पास झालो, दोघांनीही अप्लाय केलं. मुलगी व्हँकुव्हरजवळ बर्नाबीला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, आर यू सीरियस? अ गन? इन द हाउस?" मी तिला समजावलं की बाबांना कागदावर आणि लोखंडी पत्र्यावर नेम धरायचाय, कुठल्या जिवावर नाही. "ओके, बट व्हाय यू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सोबत म्हणून."

लायसन्स यायला काही महिने लागले, आणि त्याच महिन्यांत ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी वरणाची वाटी उचलताना, मग शर्टाची बटणं लावताना. न्यूरॉलॉजिस्टनं कंपवात असल्याचं सांगितलं. त्या दिवशी बर्फ पडत होता, गाडी मी चालवत होते. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चाप ओढायचं बोट नेमकं त्याच हाताचं."

मला वाटलं, आता हा विषय संपला. पण उलट झालं. लायसन्स हातात पडल्यावर ह्यांना घाईच सुटली. रात्रंदिवस वाचन, व्हिडिओ. शेवटी निष्कर्ष निघाला की घ्यायची तर लीव्हर अॅक्शन. साध्या बोल्टच्या रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर एक छोटा दांडा बोटांत धरून उचलायचा आणि मागे ओढायचा असतो. लीव्हरमध्ये चापाच्या खाली मोठी कडी असते. त्यात अख्खा पंजा घालायचा, खाली ढकलायचा, वर आणायचा. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. "माझी बोटं ऐकत नाहीत," हे म्हणाले, "पण हात अजून ऐकतो." आणि जरा जडच हवी, म्हणजे नळी हलणार नाही. आठ पैलू असलेल्या लांब, जाड नळीची एक रायफल त्यांनी मनात ठरवूनच टाकली होती.

घ्यायच्या आधी क्लबात दोन-तीन प्रकार चालवून बघायचे ठरले. आमच्या क्लबात एक रिटायर्ड शाळामास्तर आहेत, सत्तरी ओलांडलेले, बायको गेल्यापासून रोज येणारे. त्यांच्याकडे लीव्हरच्या चारेक रायफली. त्यांनी आनंदानं टेबलावर मांडून दिल्या. गोळ्या भरण्याचं काम पहिल्याच दिवशी माझ्याकडे आलं, कारण नळीखालच्या पितळी नळकांड्यात ती चिमुकली काडतुसं एकेक करून सोडावी लागतात, आणि ह्यांच्या हातून ती निसटून बर्फात पडत होती. मी भरायची, हे मारायचे. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून, श्वास रोखून. पत्रा गप्प राहायचा. कधीतरी लागला की टण्ण असा आवाज यायचा आणि हे माझ्याकडे वळून बघायचे, अगदी शाळेतल्या मुलासारखे.

एकदा हे कॉफी आणायला आत गेले असताना मास्तर मला म्हणाले, "तुम्ही मारून बघत नाही?"

मी नको नको म्हणत बसले. मग बसल्या बसल्या एक गोळी मारली. टण्ण. दुसरी मारली. टण्ण. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधून रक्त काढण्यात सगळी नोकरी घालवली. हात स्थिर ठेवायचा आणि घाई करायची नाही, एवढं मला येतं. नळकांडं रिकामं होईपर्यंत पत्रा वाजत राहिला. मी लीव्हर खाली-वर करत होते, आणि खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं. मागे वळले तर हे दोन्ही हातांत कॉफीचे कप धरून दारात उभे. उजव्या हातातल्या कपातली कॉफी हिंदकळून ग्लव्हजवर सांडत होती.

"अरे वा!" हे म्हणाले. मनापासून म्हणाले. पण मला वाटलं, कुणाच्या तरी ताटातला घास मी उचलला.

तो हिवाळाच तसा होता. गाडी माझ्याकडे आली होती, ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करत होते, बँकेची कामं मी बघत होते. एकेक गोष्ट ह्यांच्या हातातून माझ्या हातात येत होती, आणि त्यातली एकही मी मागितलेली नव्हती. पण ही मला आवडली होती. बाकीच्या गोष्टींचं ओझं होतं. ह्याबद्दल मात्र अपराधी वाटायला लागलं.

पुढच्या वेळी हेच म्हणाले, "आज तू पण मार." मी मनाशी ठरवून गेले होते. पत्र्यावर नेम धरायचाच नाही. पत्र्याच्या जरा उजवीकडे मागच्या मातीच्या बांधावर एक दगड वर आला होता, चिनूक नावाच्या गरम वाऱ्यानं तिथला बर्फ वितळला होता. मी त्या दगडाखाली गोळ्या मारल्या. पत्रा गप्प. मी चेहरा पाडून म्हटलं, "परवा नशिबानं लागल्या होत्या."

हे दुर्बीण लावून बसले होते. मास्तरांचे आभार मानले, सामान भरलं, गाडीत बसले. कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "सगळ्या गोळ्या एकाच जागी कशा चुकतात गं?"

मी रेडिओ लावायला हात पुढे केला.

"मातीत तळहाताएवढं भोक पडलं होतं. एवढ्या नेमानं चुकायला जास्त चांगला नेम लागतो."

"अहो, तसं नाही..."

"मग कसं? तू मला हरवलंस तर मला चालेल. तू माझ्यावर दया करतेस ते चालत नाही. घरी सगळे तेच करतात. मुलगीसुद्धा हल्ली माझ्याशी हळू आवाजात बोलते."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. मी पुढे घेतली. काय ऑर्डर करायचं ते मला सुचेना, तर ह्यांनीच माझ्या अंगावरून वाकून दोन कॉफी सांगितल्या. कप घेताना त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि तिथेच थरथरत राहिला. मी "सॉरी" म्हटलं. ते म्हणाले, "सॉरी नको. नीट मारत जा."

त्या शनिवारी आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं ह्यांनी आधीच सांगून ठेवलेली जड रायफल काढून ठेवली होती. खरोखर देखणी. अक्रोडाचा दस्ता, आठ पैलूंची काळी नळी. ह्यांनी ती उचलली, खांद्याला लावली, आणि नळीचं टोक हवेत लहान लहान गोल काढायला लागलं. वजनानं हात स्थिर होईल असं वाटलं होतं. वजनानं हात आणखी दमत होता. पुन्हा लावली. पुन्हा तेच. काउंटरवरची मुलगी सौजन्यानं दुसरीकडे बघत होती.

मग ह्यांनी ती माझ्या हातात दिली. "डोळे मीट, खांद्याला लाव, मग उघड."

मी तसं केलं. दस्ता लांब होता, काखेत अडकला. डोळे उघडले तर नळी भलतीकडेच. "आता ती," म्हणून ह्यांनी शेजारची दाखवली. आखूड नळी, छोटा दस्ता, साधं लाकूड, बघायला काहीच नाही. डोळे मिटून लावली, उघडले, आणि नेम धरायच्या मागच्या खाचेत नळीच्या टोकाचा पितळी मणी नेमका बसलेला. मला काही करावंच लागलं नाही. बाजारात शंभर चपला घालून बघितल्यावर एखादी पायाला अशी बसते की काढावीशी वाटत नाही, तसं झालं.

मी ती लगेच खाली ठेवली. "जडच घेऊ," मी म्हटलं. "पिशवीवर टेकवून तुम्हाला बरी पडेल."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ड्राइव्ह-थ्रूची रांग आठवली.

"मी ही अशी किती दिवस उचलणार आहे?" हे मराठीतच, अगदी शांतपणे म्हणाले. मग काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत सांगितलं, "द शॉर्ट वन, प्लीज. इट्स फॉर माय वाइफ."

मला तिथे रडू यायला लागलं. मी ग्लव्हज शोधायच्या निमित्तानं पर्समध्ये तोंड घातलं. खरी शरमेची गोष्ट वेगळीच होती: रडू येत असतानाच आत कुठेतरी मला आनंद झाला होता, की तीच मिळाली.

आता उन्हाळाभर आम्ही जातो. हे मागे खुर्चीवर दुर्बीण लावून बसतात, वारा कुठून येतोय ते सांगतात, "डावीकडे जरा, अजून जरा" असं बजावतात. जवळच्या पत्र्यावर स्वतःही मारतात, पिशव्या रचून. लागली तर लागली. बाकी लोक माझं कौतुक करायला आले की हे माझ्या आधी "थँक यू" म्हणतात.

गेल्या महिन्यात ह्यांना बरं नव्हतं. औषधं बदलली होती, पाय जड झाले होते. मी घरीच थांबणार होते, पण ऐकेनात. "तू जा. मी झोपणार आहे." म्हणून पहिल्यांदाच एकटी गेले. पार्किंगमध्ये गाडी बंद करून बराच वेळ बसले, परत फिरावं की काय म्हणून. मग गेले. वारा नव्हता. अगदी लांबच्या पत्र्यावर मारलं, जिथे मी कधीच मारलं नव्हतं. आधी चुकल्या, मग लागायला लागल्या. नळकांडं भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं.

घरी आले तर हे किचनमध्ये उभे. चहा करायला घेतला होता. ओट्यावर साखर, दूध, सगळं पसरलेलं.

"कसं झालं?"

"लांबच्या पत्र्याला लागल्या. बऱ्याच."

"आणि?"

मी जॅकेटही काढलं नव्हतं. म्हटलं, "आणि तिथे असताना तुमची आठवणच झाली नाही मला. मध्ये एकदाही नाही."

बोलून गेल्यावर वाटलं, कशाला बोलले. ह्यांनी गॅस बंद केला. "बरं झालं," म्हणाले. मग विचारलं, "वारा होता?"

"नव्हता."

"मग लागणारच."

त्यांच्या मनाला लागलं की नाही, ते मला चेहऱ्यावरून कळलं नाही. हल्ली औषधांनी चेहराही कमी हलतो. मी फडकं ओलं करून ओटा पुसायला घेतला. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि सांडलेली साखर स्वतःच, हळूहळू, एका बाजूला गोळा करत राहिले.