शैलामावशींचा आशा-काळजीचा डबा

फेब्रुवारीच्या मध्याची गोष्ट. सकाळी ऑफिसला निघालो होतो, हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि रेडिओवर दोघं जण आमच्या ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाची काळजी करत बसले होते. खेळाडू नुकतेच सरावाला जमले होते. मुख्य पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कोपराचं ऑपरेशन झालंय, तो वर्षभर टिकेल का, वगैरे. तेवढ्यात फोन आला, रेडिओ आपोआप बंद झाला आणि रेंचा आवाज ऐकू आला. रे म्हणजे शैलामावशींचे शेजारी. सत्तरी ओलांडलेला अस्सल टेक्सन माणूस, बोलण्यात कधीच घाई नाही. "शी इज गॉन, सन," एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर रेडिओ पुन्हा सुरू झाला. ते दोघं अजून त्याच कोपरावर अडले होते. खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता, पण नाही आला. मावशी शेजारच्या सीटवर असत्या तर त्यांनी आवाज वाढवायला सांगितलं असतं.

शैलामावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी माणसांच्या त्या मावशी होत्या, तशाच माझ्या. मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा यजमान रिफायनरीत शिफ्टमध्ये काम करायचे, घरात बोलायला कोणी नाही, आणि इथलं इंग्रजी शाळेत शिकलेल्या इंग्रजीशी अजिबात जुळेना. शेजारच्या गॅरेजमध्ये रे दार उघडं टाकून रेडिओवर बेसबॉल ऐकत बसायचे. एका उन्हाळ्यात मावशी कुंपणापाशी उभ्या राहून ऐकू लागल्या, पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये एक घडीची खुर्ची आली. रेंनी त्यांना स्कोअरबुक भरायला शिकवलं. वडील नागपुरात क्लबच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअर लिहायचे, त्यामुळे रकाने भरायची सवय मावशींच्या हातात होतीच. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी, घर आणि वर्षाला एकशे बासष्ट सामने... एवढ्यावर त्यांनी आयुष्य झकास निभावून नेलं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातून "चला, पहिली इनिंग सुरू होईल" म्हणत उठून जाणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. पुण्याहून नवा नवा आलो होतो, ऊर्जा कंपनीतली नोकरी, आणि क्रिकेट सोडून बाकीचे सगळे खेळ पोरकट आहेत अशी पक्की खात्री. मंडळाच्या गणपतीत मावशींनी विचारलं, "बेसबॉल पाहता का?" मी म्हणालो, "त्यात काय पाहायचं? आपला विटीदांडूच तो." मावशींनी मोदक संपवला, हात पुसले आणि म्हणाल्या, "शनिवारी सहा वाजता तयार राहा. बायकोलाही आणा." अश्विनीला आणि मला त्यांनी स्वतः गाडी चालवत स्टेडियमला नेलं. आणि तिथे मी जे केलं त्यानं माझी आयुष्यभराची शोभा झाली. तिसऱ्या की चौथ्या इनिंगला बॅटला लागून भलतीकडे गेलेला एक फाउल बॉल उंच उडून थेट माझ्याकडे आला. मी उठलो, दोन्ही हातांनी सुरेख झेल घेतला, आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवू लागले... आणि मी क्रिकेटच्या सवयीनं, क्षणाचाही विचार न करता, चेंडू मैदानात परत फेकला. अख्खा स्टँड "ओऽऽ" करून ओरडला. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीनं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचंच काहीतरी फेकून दिलंय. मावशींनी कपाळाला हात लावला. "काहून रे फेकला? तो ठेवायचा असतो ना! लोक जन्मभर वाट पाहतात त्याची, अन् तू परत देऊन राहिला!" त्या क्षणापासून 'तुम्ही'चा 'तू' झाला. परतीच्या वाटेवर त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. पुढे आमच्या तन्वीच्या बारशात, रेंच्या साठीत, कुठल्याही नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना "हा चेंडू परत देणारा" हे बिरुद ठरलेलं.

त्यांच्या घरी आंबाबर्फीचा एक पत्र्याचा जुना डबा होता. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी दुपारी त्यांच्याकडे आम्ही पाच जण जमायचो: मावशी, रे, अश्विनी, मी आणि मोठी झाल्यावर तन्वी. साबुदाण्याची खिचडी, रेंनी आणलेले शेंगदाणे, आणि प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या. एकीवर संघाबद्दलची आशा लिहायची, दुसरीवर काळजी. घडी घालून डब्यात टाकायच्या, मावशी झाकणाला चिकटपट्टी लावायच्या, आणि शेवटचा सामना होईपर्यंत डबा टीव्हीशेजारी तसाच. नियम कडक होते. आशेशिवाय काळजी चालणार नाही, काळजीशिवाय आशा चालणार नाही, आणि घरातलं काही लिहायचं नाही, फक्त खेळातलं. "घरच्या काळज्या वर्षभर पुरतात," मावशी म्हणायच्या, "त्यांना डबा कशाला?" मी जन्मजात रडतराऊ. माझ्या काळजीच्या चिठ्ठीला जागा पुरायची नाही, आणि आशेच्या चिठ्ठीवर 'बघू' एवढंच. मावशी ती चिठ्ठी परत माझ्या हातात द्यायच्या. "हे काय? नीट लिही." सरावाच्या सामन्यांत संघ सपाटून हरला की मी हवालदिल व्हायचो. त्या म्हणायच्या, "सरावातला खेळ म्हणजे साखरपुड्यातला स्वभाव. त्यावरून काही ठरवू नये बाप्पा."

ते मला किती पुरलं हे त्यांना मी कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो. मध्यंतरी माझी नोकरी गेली. व्हिसाचे दिवस भराभर संपत होते आणि मी घरात सामान बांधायच्या गोष्टी करू लागलो होतो. मावशी रोज संध्याकाळी फोन करायच्या. नोकरीचं अवाक्षर नाही. "आज कोण पिचिंग करतोय? ये इकडे, स्कोअर लिहायला माझे डोळे साथ देत नाहीत." डोळे उत्तम होते त्यांचे. मी जायचो, रकाने भरायचो. नऊ इनिंग का होईना, डोक्यातलं चक्र थांबायचं. दुसरी नोकरी लागली तेव्हा त्या स्कोअरबुकाची निम्मी पानं माझ्या अक्षरातली होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी त्यांना तपासण्यांसाठी दोनदा घेऊन गेलो. आयुष्य लॅबमध्ये गेलेलं, रिपोर्ट त्यांनी पार्किंगमध्येच वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "कोणाला सांगू नको. शनिवारी खिचडी आहे." त्या शनिवारी चिठ्ठी हातात घेतली आणि मला दुसरं काही सुचेचना. मी लिहिलं, 'पुढच्या सीझनला मावशी असतील का?' घडी घालून डब्यात टाकली. टाकल्याबरोबर पश्चात्ताप झाला, पण चिकटपट्टी लागली होती.

संघ ऑक्टोबरच्या तोंडाशी हरला, सीझन संपला. मावशी तेव्हा हॉस्पिटलात. "डबा मी घरी आल्यावर," त्यांनी बजावलं. घरी आल्या, पण पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा "घाई काय आहे?" म्हणून त्यांनी टाळलं. मलाही ते बरंच वाटत होतं. ती चिठ्ठी त्यांच्यासमोर उघडली जाईल या विचारानं मला झोप लागत नव्हती. शेवटच्या दिवसांत रे आपला जुना रेडिओ त्यांच्या खोलीत घेऊन बसायचे. सामने नव्हते, तरी.

त्या गेल्यावर दुसऱ्या राज्यातल्या कॅरी गावाहून त्यांचा पुतण्या आला. घर आवरताना त्यानं डबा माझ्या हातात ठेवला. "हा तुमचाच असणार." गेल्या शनिवारी आम्ही चौघं आमच्याकडे जमलो. अश्विनीनं खिचडी केली, रेंनी शेंगदाणे आणले. डबा उघडायला घेतला तेव्हा तन्वी म्हणाली, "बाबा, लुक, देअर आर टू टेप्स." खरंच, जुन्या चिकटपट्टीवर दुसरी लावलेली होती. जुनी मधोमध कापलेली. नियमांच्या एवढ्या कडक बाईनं डबा चोरून उघडला होता.

रेंनी पिचरच्या कोपराची काळजी केली होती. अश्विनीला सेकंड बेसवाल्याच्या वयाची, तन्वीची सगळी आशा नव्या कॅचरवर. मावशींची आशा दर वर्षीचीच, एका शब्दाची: 'जिंकोत.' मग माझी घडी आली. मी ती उघडेना, तेव्हा अश्विनीनं हातातून घेतली, वाचली आणि माझ्यापुढे धरली. माझ्या शाईतल्या ओळीवर पेन्सिलीची एक सरळ रेघ होती, स्कोअरबुकात त्या मारायच्या तशी. खाली त्यांचं बारीक, नीटस अक्षर:

'घरची काळजी. नियमात बसत नाही. बाद. पुढच्या वर्षी माझ्या वाटची आशा तू लिहायची. अन् ही चिठ्ठी परत फेकायची नाही, ठेवायची.'

मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. रेंना तन्वीनं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी टोपी काढली, शेंगदाण्याचं एक टरफल उगाच बोटांत फिरवत राहिले. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. सगळ्यांना दोन, मला तीन.

येत्या आठवड्यात सीझन सुरू होतोय. पिचरचं कोपर अजून पूर्ण बरं नाही, सरावात आम्ही मार खाल्लाय. डबा आता आमच्या टीव्हीशेजारी आहे, त्यांची चिठ्ठी माझ्या पाकिटात. माझ्या काळजीच्या चिठ्ठीला या वेळीही जागा पुरली नाही. पण मावशींच्या वाटची चिठ्ठी मी त्यांच्याच पेन्सिलीनं लिहिली, आणि ती लिहिताना एकदाही 'बघू' म्हणावंसं वाटलं नाही. लिहिलं, 'जिंकोत.'