गच्चीवर ऊन होतं

वडिलांनी माधवनगरच्या कापडगिरणीत उभा जन्म काढला. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं खाल्ली आणि शेवटची दोन वर्षं नाकातली नळी सुटली नाही. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र पलंगाशेजारी घरघरत असायचं. लाईट गेली की मी सिलिंडर जोडेपर्यंत त्यांची नजर माझ्यावर खिळलेली असायची.

म्हणून विश्रामबागेतल्या आमच्या घरावर मी सोलर बसवलं. बसवणाऱ्यानं बॅटरीबद्दल विचारलं, तेव्हा "ती कटकट नको" म्हणालो. पुढचं त्याचं बोलणं नीट ऐकलंच नाही. वडिलांना मोबाईलवर पॅनेलचा फोटो दाखवला.

"आता लाईट जायची न्हाई व्हय रं?"

"नाही जायची, आण्णा."

त्या भरवशावर मी रिकामा सिलिंडर भरून आणलाच नाही.

पुढच्याच आठवड्यात, मे महिन्यात, रात्रीच्या वळवानं कललेलं झाड सकाळी नऊला तारांवर कोसळलं. यंत्र थांबलं. मी गच्चीवर धावलो. पॅनेलला हात लावला तर चटका बसला. जिन्यातल्या इन्व्हर्टरवर मात्र लाल दिवा. बसवणाऱ्याला फोन केला.

"लाईन गेली की हेही बंद होतं, साहेब. नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसंल. बॅटरी असती तर घरापुरतं चाललं असतं. तुमाला सांगितलं होतं की."

बायकोनं ॲम्ब्युलन्स बोलावली. रस्त्यावर तेच झाड आडवं, त्यामुळे गाडी लांबूनच थांबली. मी आणि शेजाऱ्यांनी वडिलांना खुर्चीसकट उचलून नेलं. त्यांची नखं निळी पडली होती. एकेक शब्द तोडत ते म्हणाले, "ऊन... तर... हाय की रं."

मी खुर्ची सावरत झाडाला वळसा घातला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच ते गेले. फुप्फुसांत काही उरलंच नव्हतं, आज नाहीतर उद्या हे व्हायचंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. बायकोनं ते धरून ठेवलं. मला ते जमलं नाही.

पॅनेल अजून आहेत, बिलही जवळजवळ येत नाही. परवा पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ सोलरच्या चौकशीला आले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, यंत्रावर. त्यांना बसवून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, सिलिंडरचंसुद्धा. ते मान खाली घालून ऐकत राहिले. चहा तसाच ठेवून उठले.