पीटर माझं नाव न्हाय

दुधनीच्या एका आडत्याच्या पोराचं लग्न. भर दुपारची वरात. मी बँडच्या पहिल्या रांगेत. गळ्यात सॅक्सोफोन, अंगात दुसऱ्याच्या मापाचा लाल कोट.

नवरदेवाचा मामा पुढं आला. तोंडात पान. हात वर करून त्यानं खूण केली, अजून जोरात. मी जोर लावला. तो नाचत नाचत जवळ आला. अगदी जवळ. मला वाटलं, कानात फर्माईश सांगणार. त्यानं मान वाकवली आणि सॅक्सोफोनच्या कर्ण्यात थुंकला.

पचकन.

"पिकदाणी झकास हाय की!" तो मागं वळून ओरडला.

वरात हसली. नवरदेव घोड्यावर बसून हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझा सूर तुटला. बँडचे मालक चाँदसाब मास्तर मागून दबक्या आवाजात म्हणाले, "बजा रे बजा. रुकू नक्को. शादी का घर है."

मी वाजवलं. थुंकी घसरत खालच्या वाकणात जाऊन बसली. खालचा सूर लावला की आतून बुडबुड व्हायची. बुडबुड झाली की मामा बोट दाखवायचा, आणि पुन्हा हसू. मांडवापर्यंत मी त्या माणसाच्या थुंकीतून गाणं काढत गेलो.

वरात पोचल्यावर बाजा धुवायला विहिरीकडं गेलो. पाणी शेंदणारा गडी म्हणाला, "कुठला रं तू?"

"मैंदर्गीचा."

"कुनाचा?"

मी बापाचं नाव सांगितलं. माझा बाप सनई फुंकायचा, त्या पट्ट्यात त्याला सगळे ओळखायचे. नाव ऐकलं आणि गड्यानं पोहरा मागं ओढला.

"हितं न्हाय. वढ्याला जा."

ओढ्याला गेलो. गुडघाभर चिखल, त्यात म्हशी. सॅक्सोफोन पाण्यात बुडवला. लाल पाणी बाहेर आलं. तिथं बसून मी विचार केला, म्हणजे विचारच मला येऊन चावला. त्याची थुंकी माझ्या बाज्यात चालते. माझा बाजा त्याच्या विहिरीवर चालत नाही. मग विटाळ कुणाचा कुणाला?

हे कुणाला विचारलं नाही. बँडची गाडी सोलापूरला निघाली. मी टपावर बसलो. रस्ताभर दात आवळलेले.

मी मैंदर्गीच्या मांगवाड्यातला. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. बाप देवळाच्या पायरीखाली उभा राहून पहाटे सनई वाजवायचा. पायरीखाली. पायरीवर नाही. देवाला जागं करायचं काम आमचं, देव बघायचं काम दुसऱ्यांचं. गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत, सूर न तोडता तो इतका वेळ फुंकायचा की मला लहानपणी वाटायचं, ह्याला श्वास लागतच नाही. त्यानं ते मला शिकवलं. पाण्याच्या लोट्यात बोरूची नळी घालून फुंकायला लावायचा. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा.

बहात्तरच्या दुष्काळात गावात लग्नंच झाली नाहीत. मी सोलापूरला आलो. भवानी पेठेत चाँदसाब मास्तरांचं बँडचं दुकान होतं, तिथं राहिलो. सनईवाल्याचा दम बघून मास्तरांनी माझ्या गळ्यात सॅक्सोफोन अडकवला. दुकानाच्या शेजारी एका पद्मशाली कुटुंबाचे माग होते. घरात तेलुगू बोलायचे, पण मागाची खटाखट सगळ्यांच्या भाषेतली. त्यांचा एक जुना माग लंगडा होता. दोन ठोके सरळ पडायचे, तिसरा जरा उशिरा. रोज त्या लंगड्या ठोक्यावर मी सराव करायचो. त्यावर वाजवलं की सूर पाय ओढत चालल्यासारखा वाटायचा आणि मधेच उडी मारायचा. ह्याला जगात काही नाव आहे हे मला माहीत नव्हतं.

दुधनीच्या लग्नानंतर सॅक्सोफोन बिघडला. भोकांवरच्या कातडी गाद्या पाण्यानं फुगल्या. मास्तर म्हणाले, "रेल्वे लाइन में पिंटोसाब है, उनो दुरुस्त करते."

पिंटोसाहेब रेल्वेतून रिटायर झालेले. मूळचे गोव्याचे, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवलेले. एकटेच राहायचे. बाजा उघडून बघितला आणि भडकले.

"पानी में डाला? साला, ये भांडी है क्या?"

मी सांगितलं. सगळं. मामा, थुंकी, विहीर, ओढा. पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. सांगताना आवाज चढत गेला. पिंटोसाहेब उठले, ग्रामोफोनवर एक तबकडी लावली.

सॅक्सोफोन. पण असा सॅक्सोफोन मी कधी ऐकला नव्हता. तो गाणं म्हणत नव्हता. तो भांडत होता. एका सुराला धरून हलवायचा, सोडायचा, परत मानगूट धरायचा. आणि खाली ठेका. लंगडा. आमच्या शेजारच्या मागासारखा लंगडा.

"कोण हाय ह्यो?"

पिंटोसाहेबांनी तबकडीचं पुठ्ठ्याचं पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर काळा माणूस. माझ्या बापापेक्षा काळा. घामानं चमकणारा, डोळे मिटलेला.

"अमेरिका का. इसके दादा लोग को बाजार में बेचा था, बैल के माफिक. ये जिस हॉटेल में बजाता था, उधर सामने के दरवाजे से अंदर नहीं जा सकता था. किचन से जाने का. बजाने का. किचन से बाहर."

मी पाकीट धरून बसलो. समुद्रापलीकडं, कुठल्या तरी मुलखात, पायरीखाली उभा राहून वाजवणारा अजून एक होता. आणि तो पायरीखाली उभा राहून देव जागा करत नव्हता. त्याच्या सुरात विनंती नव्हती. आमचा बाप वाजवायचा तेव्हा सुरात कायम एक मुजरा असायचा. ह्या माणसानं मुजरा काढून टाकला होता.

त्या दिवसापासून मी पिंटोसाहेबांकडं जायला लागलो. त्यांनी स्वतःचा सॅक्सोफोन सरावाला दिला. तबकड्यांवर तबकड्या. ऐकायचं, वाजवायचं, चुकायचं, शिव्या खायच्या. ह्याला जाझ म्हणतात हे कळलं. पण मी तबकडीची नक्कल करायला लागलो की ते तबकडी बंद करायचे. "ये उसका है. तेरा किधर है?" माझं मी शोधत गेलो. बापाची सनई, न तुटणारा दम, माग, गिरणीचा भोंगा. ते सगळं सॅक्सोफोनमधून यायला लागलं. दिवसा लग्नात तेच ते सिनेमाचं गाणं वाजवायचो आणि संध्याकाळी पिंटोसाहेबांच्या ओसरीवर माणूस व्हायचो.

त्यांच्याकडं एक वकीलसाहेब यायचे. शहरातल्या एका संगीत मंडळाचे अध्यक्ष. जुन्या तबकड्यांचे शौकीन. पांढरं धोतर, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बोलणं मऊ. त्यांनी एकदा मला ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. खरंच आलं, खोटं कशाला सांगू.

"अरे, तू आमच्या मंडळात वाजवलं पाहिजेस. रविवारी सकाळी बैठक आहे. मोठमोठी माणसं येतात. सोलापूरला कळू दे, जाझ काय असतं."

मी सदरा शिवला. पांढरा. माझ्या मापाचा.

रविवारी हॉलवर गेलो. सतरंज्या, लोड, उदबत्ती, पुढच्या रांगेत डॉक्टर, प्राध्यापक, गिरणीचे अधिकारी. पडद्याआड वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. पिंटोसाहेब शेजारी उभे होते.

"हे बघ, एक छोटीशी गोष्ट. आज तुला गोव्याचे पीटर म्हणून पुकारतोय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोण पीटर?"

"तूच रे. आपले श्रोते जुन्या वळणाचे आहेत. सॅक्सोफोन म्हटला की ख्रिश्चन माणूस शोभतो. तुझं आडनाव ऐकलं की लोक आडनावच ऐकत बसतील, संगीत ऐकणार नाहीत. मी स्वतः जात मानत नाही. म्हणूनच म्हणतो, आडनाव लावूच नकोस."

दुधनीचा मामा बरा होता असं त्या क्षणी मला वाटलं. तो उघड थुंकला. ह्या माणसानं रुमालात घडी करून थुंकी माझ्या हातात दिली, वर म्हणाला, जपून ठेव.

मी पिंटोसाहेबांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"नाम में क्या है, बेटा. सूर देख."

"तुमचं नाव कुनी पुसून टाकलं न्हाय साहेब. म्हनून तुमाला सोपं वाटतंय."

तोवर पलीकडून निवेदकाचा आवाज आलाच. "आता ऐकू या, खास गोव्याहून आलेले, श्रीयुत पीटर." टाळ्या पडल्या. मोठ्या टाळ्या. असा कुणी माणूस नव्हता आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या. मी होतो, आणि माझ्यासाठी त्या हॉलात एक टाळीसुद्धा नव्हती.

मी मंचावर गेलो. माईक खाली ओढला. तोंडातून गावचीच भाषा आली.

"पीटर माझं नाव न्हाय."

पुढच्या रांगेतल्या माना पडद्याकडं वळल्या.

मी माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. "मी गोव्याचा न्हाय. मैंदर्गीच्या मांगवाड्यातला हाय. माझा बाप तुमच्या देवळाच्या पायरीखाली सनई वाजवतो. ज्याला माझ्या हातचं ऐकायचं नसंल, त्यानं आत्ताच उठावं. मधेच उठू नगा. मला दम तोडायची सवय न्हाय."

वकीलसाहेबांनी पडद्याआडून हात हलवला. माईक बंद झाला. कुणी तरी मंचावरचा दिवाही घालवला.

सॅक्सोफोनला माईक लागत नाही.

मी बापाच्या पहाटेच्या सनईची धून सॅक्सोफोनवर उचलली. तीच, पायरीखालची. पहिली ओळ जशीच्या तशी. दुसऱ्या ओळीला ती मोडली. मुजरा काढून टाकला. लंगडा ठेका पायानं धरला, फळ्यांवर आपटून, आणि त्या सुराला मानगूट धरून हलवलं. गाल फुगवले, नाकानं श्वास ओढला, सूर तुटू दिला नाही. पुढच्या रांगेतले लोक उठायला लागले. लोड सरकले, चपला शोधल्या गेल्या. एक म्हातारे गृहस्थ कानांवर हात ठेवून बाहेर गेले. मी थांबलो नाही. मागं काही माणसं बसून राहिली. ती का बसली, मला माहीत नाही. आवडलं म्हणून, का पुढं काय होतंय ते बघायला. मी त्यांना विचारलं नाही आणि शेवटी टाळीची वाट बघितली नाही. वाजवून झालं, खाली उतरलो.

वकीलसाहेब दारात उभे होते. चेहरा लाल. आता बोलणं मऊ नव्हतं.

"मी तुझ्यासाठी हे व्यासपीठ उघडलं. कृतघ्न निघालास."

"तुमी पीटरसाटी उघडलं. मला कुटं बोलावलं?"

ही गोष्ट पेठेत पसरली. लग्नाच्या सुपाऱ्या घेऊन येणारे लोक मास्तरांना विचारायला लागले, तो भांडकुदळ पोरगा बँडमध्ये आहे का. मास्तरांनी मला समोर बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "तेरा झगडा सच्चा है. मगर मेरेकू शादियाँ होना." लाल कोट काढून मी त्यांच्या हातात दिला. त्यांचा राग नाही. त्यांना पोटं भरायची होती.

गावाकडून बापही आला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. "आमाला गावात ऱ्हायाचं हाय की," तो म्हणाला. "कशाला आडनाव सांगत सुटलास? गप वाजवायचं. आपलं काम वाजवायचं हाय."

"आन् ऐकनाऱ्याचं काम काय, दादा?"

जन्मभर कुणी त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. तो भिंतीला टेकून बसला, आणि त्याचे ते फुगून फुगून सैल पडलेले गाल बघून माझ्या अंगाची लाही झाली. बापावर नाही. ज्यांनी त्या गालांवर पिढ्यान् पिढ्या आपली लग्नं लावली आणि आपले देव उठवले, त्यांच्यावर.

पिंटोसाहेबांकडं बरेच दिवस गेलो नाही. मग एकदा तेच भवानी पेठेत आले. हातात त्यांच्या सॅक्सोफोनची पेटी. दुकानाच्या पायरीवर ठेवली.

"मैं गलत बोला उस दिन," एवढंच म्हणाले. "बॉम्बे जा. उधर मेरा एक दोस्त है, हॉटेल में. बोल, मैंने भेजा."

गेलो. मुंबईच्या हॉटेलातला मॅनेजर टाय लावलेला, इंग्रजी बोलणारा. त्यानं ऐकलं, खूश झाला. म्हणाला, बोर्डावर लिहायला तुझं नाव फार गावठी आहे, काही तरी स्टायलिश घेऊ या.

मी पेटी बंद केली आणि उठलो. तो मागं धावत आला. मी त्याला सांगितलं, लिही. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. तिन्ही. एक अक्षर कमी केलंस तर मी वाजवणार नाही. त्यानं तोंड वाकडं केलं. लिहिलं.

उद्या हा काढून टाकेल. टाकू दे. दुसरं हॉटेल बघीन. तिथंही हेच सांगीन. कुठंच घेतलं नाही तर रस्त्यावर उभा राहून वाजवीन, आणि वाजवायच्या आधी मोठ्यानं सांगीन मी कोण आहे. ज्याला माझा सूर पाहिजे, त्यानं माझं आडनावही ऐकायचं. दोन्ही एकाच छातीतून येतात. वेगळं करून द्यायला मी आता कुणाचा बांधलेला नाही.