कडू पाण्याचं मीठ

"हे कडू मीठ तुझ्या बायकोच्या राशीत मिसळ," मुकादम म्हणाला. "वरनं कोणाला दिसणार नाय."

मी फावडं खाली ठेवलं. "ती रास चांगली हाय. तिला हात लावायचा नाय."

बाळकुमला खाडीकाठी आमचं मिठागर. मुकादम शेठचा माणूस, आम्ही राबणारे. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळाला मीठ धरलं की ओढून बांधावर रास करायची. पण सगळं पाणी आटू द्यायचं नसतं. शेवटी जे दाट, तेलकट पाणी उरतं ते कडू. त्यात दुसरे क्षार असतात. ते वेळेवर खाडीत सोडलं नाही तर मिठावर बसतात. मीठ कडू होतं, खाणाऱ्याला ढाळ लागतात. शिवाय असलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, कोरडं म्हणून राहत नाही.

बायको माझी चैत्रात तापानं गेली. बांधावरची रास तिनं ओढलेली, शेवटची. टपोरी, पांढरी. मी सुतकात घरी बसलो. आमच्यात सुतकी माणसानं मिठाला शिवायचं नाही, आणि त्याच्या वाफ्याला दुसऱ्यानंही हात लावायचा नाही. सुतक फिटल्यावर गेलो, तर कडू पाणी वाफ्यातच आटून तिथलं मीठ कडू झालेलं.

"हे फेकू दे, नायतर धुवायला तरी दे," मी मुकादमाला म्हणालो. गोड्या पाण्यानं धुतलं तर मीठच विरघळतं. म्हणून शेजारच्या वाफ्यातलं, मीठ धरायला आलेलं खारं पाणी ओतायचं. त्यात आणखी मीठ मावत नाही, कडू तेवढं निघून जातं. पण निथळायला वेळ लागतो.

"कल्याणला मीठ न्यायचा मचवा धक्क्याला येऊन लागलाय. तुझं रडं ऐकत बसू काय?"

त्यानं दुसरी माणसं लावली आणि मिसळलं.

सकाळी मीठखात्याचे इन्स्पेक्टर आले. राशीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाबली. बोटांतून पाणी गळलं. चाखून थुंकले.

"पास नाही. खाडीत टाका सगळी."

"साहेब, अर्धी चांगली हाय."

"कुठली अर्धी? दाखव."

मी बघत राहिलो. सगळं सारखंच ओलं.

"तुझ्या वाफ्याचं, तूच टाक," म्हणत मुकादमानं फावडं माझ्या हातात दिलं. भरती लागलेली. फावड्यामागून फावडं पाण्यात पडत होतं, दिसेनासं होत होतं. त्यात तिचं कुठलं, मला कळलं नाही.

कडू मीठ चांगल्यात घातलं की चांगलंही भिजतं. बांधावर जागा होती. दोन राशी करता आल्या असत्या.